गुडघा ते घोटा : आत नेमकं काय आहे?

अस्थिवेध

शाळेच्या पुस्तकात गुडघ्याला बिजागरीचा सांधा म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. शरीररचना शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ ही समजूत खोडण्यात जातो. गुडघा वाकतो आणि सरळ होतो हे खरंच, पण तेवढंच धरून बसलं तर गुडघ्याच्या दुखापती अशा का होतात ते कळत नाही. इथे बरेच जण तक्रारी लिहितात, उपाय विचारतात. आत काय आहे हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक करून बघा. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट. वाटीच्या जरा खाली, नडगीचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरा. आता टाच जागेवर ठेवून चवडा आधी आत, मग बाहेर फिरवा. वाटीखाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा टणक उंचवटा आहे, तो हाताखाली डावी-उजवीकडे सरकताना लागेल. म्हणजे नडगी स्वतःभोवती फिरतेय. आता पाय पूर्ण ताठ करून तेच करा. चवडा अजूनही फिरेल, पण या वेळी वाटीसुद्धा सोबत फिरेल, कारण आता खुब्यापासूनचा अख्खा पाय वळतोय. वाकलेल्या गुडघ्याला फिरण्याची मुभा आहे, ताठ गुडघ्याला जवळजवळ नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की पुढचं बरंच सोपं जातं.

सांध्यात हाडं तीन. मांडीचं फीमर, नडगीचा टिबिया आणि पुढे वाटी, म्हणजे पटेला. पोटरीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, फिब्युला, गुडघ्याच्या सांध्यात येतच नाही. ते सांध्याच्या रेषेखाली टिबियाला बाहेरून जोडलेलं असतं. त्याच्यावर नंतर सविस्तर लिहीन, माझं फार आवडतं हाड आहे ते.

फीमरच्या खालच्या टोकाला दोन गोलसर भाग असतात, त्यांना कॉन्डाइल म्हणतात. ते एकसारखे नसतात. आतल्या कॉन्डाइलचा सांध्यात येणारा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा लांब असतो. टिबियाचा माथाही तसाच विषम आहे : आतली बाजू थोडी खोलगट, बाहेरची सपाट किंवा चक्क किंचित फुगीर. म्हणजे बाहेरच्या अंगाला फुगीर हाडावर फुगीर हाड टेकलेलं असतं. नुसत्या हाडांच्या भरवशावर हा सांधा क्षणभरही टिकणार नाही. त्याला धरून ठेवतात ते स्नायू, लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे) आणि मधल्या दोन चकत्या.

आता ताठ होण्याची गंमत. पाय सरळ होताना शेवटच्या वीसेक अंशांत बाहेरच्या कॉन्डाइलचा प्रवास आधी संपतो, आतल्याचा अजून शिल्लक असतो. त्यामुळे हाडं एकमेकांवर वळतात. पाय हवेत असेल तर टिबिया बाहेर वळतो, पाऊल जमिनीत रोवलेलं असेल तर फीमर आत वळतं. या वळण्याने लिगामेंट ताणली जातात आणि गुडघ्याला कुलूप बसतं. म्हणून आपण मांडीच्या पुढच्या स्नायूंना सतत जोर न लावता उभे राहू शकतो. खात्री करायची असेल तर ताठ उभे राहा, मांडी सैल सोडा आणि वाटी दोन बोटांनी हलवून बघा. अंगाचा सगळा भार पायांवर असूनही ती सहज हलते.

हे कुलूप उघडतो पॉप्लिटियस नावाचा छोटासा स्नायू. गुडघ्यामागच्या लवणीत अगदी खोल, तिरका बसलेला असतो. उभ्यावरून गुडघा वाकवायला सुरुवात केली की पहिलं काम त्याचं : फीमर पुन्हा बाहेर वळवायचं. परीक्षेत त्याच्यावर एक ओळ लिहून मुलं पुढे जातात, मला दर वेळी वाईट वाटतं.

शंका जरूर विचारा.

चित्रलिपी

करून बघितलं, उंचवटा खरंच सरकतो! मी माणसांची चित्रं काढते आणि गुडघ्याशी नेहमी अडते. दोन प्रश्न. सरळ पायावर वाटी उठून दिसते, पण बसलेल्या माणसाच्या गुडघ्यात ती जाते कुठे? आणि घोट्याचं आतलं हाड वर, बाहेरचं खाली काढायचं असं आम्हाला शिकवतात. ते तसं का असतं हे कुणी सांगितलेलं नाही.

अस्थिवेध

चित्रलिपी, पहिल्याचं उत्तर देते, दुसरं फिब्युलाच्या वेळी.

वाटी खालच्या बाजूने त्या उंचवट्याला जाड पट्ट्याने बांधलेली आहे आणि हा पट्टा ताणला जात नाही. त्यामुळे वाटी आणि उंचवटा यांच्यातलं अंतर पाय कसाही ठेवला तरी तेवढंच राहतं. चित्र काढताना आधी उंचवटा नक्की करा, वाटी आपोआप जागेवर येईल. गुडघा वाकतो तशी वाटी दोन कॉन्डाइलमधल्या खोबणीत उतरते आणि बसलेल्या माणसाच्या गुडघ्याचा जो सपाट, चौकोनी पुढचा भाग दिसतो त्यात मोठा वाटा कॉन्डाइलचा असतो.

वाटी हे स्नायूच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, तयार झालेलं हाड आहे, तशा हाडांत शरीरातलं सगळ्यात मोठं. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग, असते. हाड होण्याची सुरुवात साधारण ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान होते, म्हणून तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत वाटी दिसतच नाही. तिचं मुख्य काम म्हणजे मांडीच्या स्नायूची ओढ सांध्यापासून थोडी पुढे ढकलणं, म्हणजे कमी ताकदीत पाय सरळ होतो. त्याची किंमत अशी की फीमरवर ती प्रचंड दाबली जाते. शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा वाटीच्या मागे आहे ती उगाच नाही.

अजून एक. मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे तिरकं आत येतं, पट्टा मात्र जवळजवळ सरळ खाली जातो. त्यामुळे स्नायू आवळला की वाटीचा कल बाहेर जायचा असतो. खोबणीचा बाहेरचा काठ म्हणूनच उंच असतो आणि मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचे खालचे तंतू तिला आत ओढून धरतात. वाटी निखळते तेव्हा जवळपास नेहमी बाहेरच्याच अंगाला निखळते.

धावती

फार छान लिहिताय. मला जिना चढताना काही नाही, उतरताना वाटीच्या आसपास दुखतं. बराच वेळ बसून उठलं तरी तेच. शिवाय वाकताना कटकट आवाज येतो. कूर्चा झिजली असेल का? धावणं सोडायला सांगणारे भरपूर भेटलेत.

हळूपाऊल

मी फिजिओथेरपीत आहे म्हणून लिहितो.

जिन्यावर वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीपर्यंत जातो, खोल बैठक मारताना त्याहून कितीतरी जास्त. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार हळूहळू सोडावा लागतो. मांडीचा स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतो आणि हे काम चढण्यापेक्षा जास्त जाचतं. त्यामुळे तुमचं वर्णन फार नेहमीचं आहे.

कूर्चेबद्दल एक लक्षात घ्या. तिला नसही नाही आणि रक्तवाहिनीही नाही. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते आत-बाहेर खेळतं भार पडला-उतरला की. म्हणजे हालचाल हाच तिचा आहार. दुखतं ते आसपासचं : कूर्चेखालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि पट्ट्यामागची चरबीची गादी. आल्बर्ट होफा यांनी १९०४ मध्ये या गादीच्या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात नसांचं जाळं दाट असतं आणि ती चिमटली की जीव कळवळतो.

आवाजाबद्दल : दुखणं नाही, सूज नाही, गुडघा अडकत नाही, तर नुसत्या कटकटीला मी आजार धरत नाही. तुमच्या बाबतीत दुखणं आहे, म्हणून तपासून घ्या. तपासताना खुबाही बघायला सांगा. खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कमी पडले की एका पायावर भार येताना मांडी आत कलते, खोबणी वाटीखालून आत सरकते आणि आपण म्हणतो वाटी बाहेर गेली. आरशासमोर एका पायावर थोडं वाकून बघा, गुडघा अंगठ्याच्या आत झुकतो का. झुकत असेल तर नुसते मांडीचे व्यायाम करून भागणार नाही. धावणं पूर्ण सोडण्याची गरज क्वचित पडते. अंतर कमी करा, उतार टाळा आणि ताकद वाढली की पुन्हा हळूहळू वाढवा.

धावती

आरशात बघितलं. उजवा गुडघा स्पष्ट आत जातो आणि दुखतो तोही उजवाच. धन्यवाद, दाखवून येते.

निवांत

माझं वय साठीच्या पुढे. गुडघा अधूनमधून दुखतो म्हणून एमआरआय झाला. अहवालात 'आतल्या मेनिस्कसला झिजेची चीर' असं आहे. ते वाचल्यापासून पाय टाकायलाच भीती वाटते. एकाने सांगितलं चालणं बंद करा, दुसऱ्याने सांगितलं ताबडतोब दुर्बिणीने काढून टाका. मेनिस्कस म्हणजे नेमकं काय आणि चीर म्हणजे किती गंभीर, कुणी सांगाल का?

अस्थिवेध

निवांत, मेनिस्कस म्हणजे फीमर आणि टिबिया यांच्यामधल्या त्या दोन चकत्या, लोक ज्यांना गुडघ्यातली गादी म्हणतात. आतली इंग्रजी सी अक्षरासारखी, बाहेरची जवळजवळ पूर्ण गोल. कडेला जाड, मध्याकडे पातळ. गोल फीमर आणि सपाट टिबिया यांच्यातली पोकळी त्या भरून काढतात आणि भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवतात.

आतली चकती आतल्या बाजूच्या लिगामेंटला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे फारशी सरकत नाही. बाहेरची मोकळी असते. तिच्या आणि बाहेरच्या लिगामेंटच्या मधून पॉप्लिटियसचं टेंडन जातं. गुडघा वाकून वळतो तेव्हा मोकळी चकती सरकून वाचते, बांधलेली सापडते. चिरा आतल्या चकतीत जास्त आढळतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

रक्तपुरवठा फक्त कडेच्या भागाला असतो. लहानपणी जास्त आत पोचतो, मोठेपणी आतला बराचसा भाग रक्ताविनाच असतो. म्हणून कडेजवळची ताजी चीर शिवली तर जुळू शकते, आतल्या पातळ काठाची सहसा जुळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बऱ्याच शल्यविशारदांना या चकत्या म्हणजे निकामी स्नायूचे उरलेसुरले अवशेष वाटायचे. त्यामुळे पुढे कित्येक दशकं चकती फाटली की अख्खी काढून टाकायची रीत पडली. १९४८ मध्ये ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी चकती काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून दाखवलं की त्या बाजूची हाडांमधली जागा अरुंद होते, कॉन्डाइल चपटा होतो, कडेला हाड वाढतं. तरी ही रीत बदलायला बरीच वर्षं गेली. मला यातून एकच दिसतं : शरीरातल्या एखाद्या भागाचं काम आपल्याला कळलं नाही, याचा अर्थ त्याला काम नाही असा होत नाही.

आता तुमच्या अहवालाबद्दल. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. लोक निवडताना गुडघा दुखतो की नाही हे पाहिलंच नव्हतं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या चकतीत चीर सापडली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्यात दुखणं, आखडणं काहीही नव्हतं. वयानुसार चीर पडणं खूप सामान्य आहे. अहवालात चीर आहे आणि गुडघा दुखतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी दुखण्याचं कारण चीरच आहे हे त्यावरून ठरत नाही.

कातळ

पण याचा अर्थ शस्त्रक्रिया कुणालाच नको असा घेऊ नये. माझ्या भावाचा गुडघा खेळताना वळला आणि तिथेच अडकला, सरळच होईना. दुर्बिणीने उपचार केल्यावरच तो पुन्हा उभा राहिला. त्याला कुणी 'व्यायाम करा' सांगितलं असतं तर?

हळूपाऊल

कातळ, तुमच्या भावाची गोष्ट वेगळी आहे आणि हा फरक सांगितलाच पाहिजे. तरुण वयात झटक्याने पडलेली मोठी चीर कधी कधी बादलीच्या कडीसारखी सुटून दोन हाडांच्या मध्ये जाऊन बसते. गुडघा अडकतो, सरळ होत नाही. तिथे थांबायचं नसतं.

निवांत यांची चीर झिजेची आहे. फिनलंडमध्ये अशाच लोकांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सांध्याची झीज नसलेल्या, पण झिजेची चीर असलेल्या १४६ जणांपैकी काहींची चकती दुर्बिणीने कापली, काहींची चकतीला हात न लावता नुसती नाटकी शस्त्रक्रिया केली. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून गुडघा अडकत नसेल तर आधी मांडी आणि खुब्याची ताकद वाढवा, झेपेल तेवढं चाला. वजन जास्त असेल तर त्याकडेही बघा. गुडघ्याची झीज असलेल्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो असं दिसलं. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, पण चालायची भीती मनातून काढा.

निवांत

मनावरचं मोठं ओझं उतरलं. गुडघा अडकत नाही. उद्या सकाळी चालायला जाणार.

पहिलंवर्ष

मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. क्रूसिएट लिगामेंटची, म्हणजे गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन लिगामेंटची, दिशा दर वेळी उलटी लिहितो. काही युक्ती? आणि २०१३ मध्ये गुडघ्यात एक नवीन लिगामेंट सापडलं असं वाचलं. पुस्तकात नाही. परीक्षेत लिहू का?

अस्थिवेध

पँटच्या पुढच्या खिशात हात घाला. बोटं वरून-बाहेरून खाली-आत-पुढे जातात ना? तीच पुढच्या लिगामेंटची, एसीएलची, दिशा. वरचं टोक बाहेरच्या कॉन्डाइलच्या आतल्या अंगाला, खालचं टिबियाच्या माथ्यावर पुढच्या बाजूला. मागचं लिगामेंट, पीसीएल, त्याच्या उलट : वर आतला कॉन्डाइल, खाली टिबियाची मागची बाजू. नाव खालच्या टोकावरून पडलं आहे, टिबियावर जे पुढे ते पुढचं.

एसीएल टिबियाला पुढे सरकू देत नाही, हे सगळे लिहितात. तो आतल्या वळणालाही आवर घालतो, हे सोडून देतात. धाग्याच्या सुरुवातीला म्हटलं ना, फिरण्याची मुभा महत्त्वाची आहे. एसीएल तुटतो तेव्हा बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता दिशा बदलताना पाऊल रोवलेलं, गुडघा थोडाच वाकलेला, आणि वरचं अंग वळतं. खट्‌ असा आवाज आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे आत रक्त साचलंय असं धरून चालायचं. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज बऱ्याचदा चकतीच्या इजेची असते. रुग्णाला 'सूज कधी आली?' हा प्रश्न विचारायला विसरू नकोस, फार काही सांगून जातो.

नवीन लिगामेंटबद्दल. फ्रेंच सर्जन पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्येच गुडघ्याच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यातल्या मोत्यासारख्या चमकदार तंतूंच्या पट्ट्याचं वर्णन केलं होतं. तिथे टिबियाचा जो छोटा तुकडा उपटून निघतो त्याला आजही त्यांच्या नावाने ओळखतात आणि एक्स-रेत तो दिसला की एसीएल तुटला असण्याची दाट शंका घ्यायची. २०१३ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन इथल्या सर्जननी त्याची बारकाईने मोजमापं घेऊन त्याला स्वतंत्र लिगामेंट म्हटलं आणि बातम्यांत 'नवा शोध' झाला. काही शरीररचनाकार अजूनही त्याला सांध्याच्या वेष्टनाचा जाड झालेला भाग मानतात. परीक्षेत एका वाक्यात उल्लेख कर, सेगाँचं नाव घालून.

कातळ

आता माझा प्रश्न. डोंगर उतरताना पाय मुरगळला. घोटा सुजला, एका ठिकाणी घोट्याचा एक्स-रे काढला, 'हाड मोडलेलं नाही' म्हणून सांगितलं. पण गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला दाबलं की जीव जातो. मार लागला घोट्याला, दुखतंय गुडघ्याजवळ. तिथे पडलोही नव्हतो. हे कसं?

अस्थिवेध

कातळ, बाकीचं नंतर वाचा, आधी पायाच्या पूर्ण लांबीचा एक्स-रे काढून घ्या, वर गुडघ्यापर्यंत. तोवर त्या पायावर भार देऊ नका. कारण सांगते, आणि त्यातच चित्रलिपी यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे.

फिब्युलाचा वरचा गोळा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, सांध्याच्या रेषेच्या जरा खाली हाताला लागतो. तिथे टिबियाशी त्याचा छोटा, सरकता सांधा आहे. खालचं टोक म्हणजेच घोट्याचं बाहेरचं हाड. तिथे ते टिबियाला लिगामेंटनी घट्ट आवळलेलं असतं. या दोन टोकांच्या मध्ये दोन्ही हाडांना जोडणारा तंतूंचा पडदा वरपासून खालपर्यंत पसरलेला आहे. थोडक्यात, गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत ही एकच चौकट आहे.

तिच्या खालच्या खाचेत टॅलस हे हाड बसतं. या हाडावर एकही स्नायू चिकटलेला नाही, आणि त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे. त्याचा माथा पुढे रुंद, मागे अरुंद असतो. पाऊल वर उचललं की रुंद भाग खाचेत शिरतो. तेव्हा फिब्युला किंचित बाहेर सरते, थोडी फिरते आणि तिचं वरचं टोकही त्या छोट्या सांध्यात सरकतं. तो वरचा सांधा गुडघ्याशेजारी असला तरी चाकरी घोट्याची करतो. मला ही रचना इतकी सुंदर वाटते की शिकवताना दर वेळी सांगाडा हातात घेऊन मुलांना ती बघायलाच लावते.

चवडा खाली केला की टॅलसचा अरुंद भाग खाचेत येतो आणि घोटा ढिला पडतो. उतारावर पाऊल टाकताना नेमकं हेच होतं, म्हणून उतरताना पाय जास्त मुरगळतो. घोट्याचं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा साधारण १ सेंटिमीटर खाली गेलेलं असतं आणि आतल्या बाजूचं लिगामेंट पंख्यासारखं रुंद, भक्कम असतं. त्यामुळे पाऊल बाहेर मुडपायला अडसर आहे, आत मुडपायला नाही. म्हणून नेहमीच्या मुरगळण्यात तळवा आत वळतो आणि बाहेरच्या घोट्याच्या पुढचं छोटं लिगामेंट पहिलं जातं.

तुमच्या बाबतीत मला वेगळी शंका आहे. पाऊल अडकून बाहेरच्या दिशेने फिरलं तर टॅलस फिब्युलाला बाहेर ढकलतो. खालची लिगामेंट तुटतात, पडदा फाटत वर जातो आणि जोर शेवटी फिब्युलाच्या वरच्या भागातून, हाड मोडून, बाहेर पडतो. फ्रेंच सर्जन मेझोनव यांनी १८४० मध्ये असा अस्थिभंग वर्णन केला. नुसत्या घोट्याच्या एक्स-रेत मोडलेली जागा येतच नाही. घोटा मुरगळला की फिब्युला वरपर्यंत दाबून बघायची ती याचसाठी.

हळूपाऊल

यात भर. फिब्युलाच्या त्या गोळ्याच्या जरा खाली, मानेला वळसा घालून, पेरोनियल नस जाते. वर फक्त कातडी आणि थोडी चरबी. पायावर पाय टाकून फार वेळ बसलं की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात त्या बऱ्याचदा तिथल्या दाबाच्या. घट्ट प्लास्टर, कडक पट्टा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा पाय बाहेर कलून पडलेला, कशानेही ती दबू शकते आणि मग पाऊल वर उचलता येत नाही. कातळ, पायाचा अंगठा वर उचलता येतोय का ते बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

कातळ

अंगठा उचलतोय. पूर्ण पायाचा एक्स-रे काढला. फिब्युला वरच्या भागात तिरकी मोडली आहे आणि खालचा जोडही उघडलाय. शस्त्रक्रिया ठरली आहे. दोघांचे मनापासून आभार.

चित्रलिपी

काळजी घ्या कातळ. आणि घोट्याचं कोडं सुटलं, आता ती तिरकी रेषा काढताना हात थबकणार नाही.

झुळूक

मुलगा १२ वर्षांचा, अंगाने भारदस्त. काही आठवड्यांपासून गुडघा दुखतो म्हणतो. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला. वाढीच्या वयात असं होतं असं सांगितलं. पण तो थोडा लंगडतोय असं मला वाटतं. हे वाचून विचारावंसं वाटलं.

अस्थिवेध

झुळूक, दोन गोष्टी सांगा. वाटीखालच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं का? वाढीच्या वयात मांडीचा स्नायू तिथे ओढ देतो आणि तो भाग सुजून दुखतो, ऑसगुड आणि श्लॅटर यांनी १९०३ मध्ये वर्णन केलेला प्रकार. तो बहुधा वाढ थांबली की आपोआप शमतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या नसा गुडघ्याला जातात त्यांच्याच शाखा खुब्यालाही जातात. म्हणून मुलांत खुब्याचा आजार पुष्कळदा गुडघ्यात दुखतो आणि गुडघा तपासला तर निर्दोष निघतो. त्याला उताणं झोपवा, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल हलकेच बाहेर न्या, म्हणजे मांडी आत वळेल. दुसऱ्या पायाशी तुलना करा. जोर अजिबात लावू नका.

झुळूक

उंचवटा दाबला तर काही नाही. मांडी आत वळवताना मात्र त्या बाजूला अडतं, तोंड वेडंवाकडं करतो. दुसऱ्या पायाला काहीच त्रास नाही. चालताना ते पाऊल बाहेर वळलेलं असतं हेही आत्ता लक्षात आलं.

हळूपाऊल

मग आजच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या, उद्यावर टाकू नका. या वयात, वजन जास्त असलेल्या मुलांत, फीमरच्या वरच्या टोकाचा गोळा वाढीच्या रेषेवरून घसरू शकतो. घसरणं वाढलं तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. तोवर त्याला चालवू नका, खाकेत कुबड्या द्या किंवा चाकाच्या खुर्चीवरून न्या.

अस्थिवेध

आणि एक्स-रे दोन्ही खुब्यांचा काढायला सांगा, समोरून आणि कडेने. सुरुवातीचं घसरणं नुसत्या समोरच्या फोटोत सुटू शकतं. दुसरी बाजूही बघायची असते, कारण काही मुलांत हे घसरणं दोन्हीकडे होतं.